माल उतरला म्हणून बागेचं पाणी तोडू नका

निफाड-दिंडोरीकडे मार्चमध्ये हेच चालतं. शेवटचा क्रेट गाडीत चढतो, व्यापाऱ्याशी हिशोब होतो (किंवा राहतो) आणि त्याच संध्याकाळी द्राक्षबागेच्या ठिबकचा व्हॉल्व्ह बंद. सगळं पाणी उन्हाळ कांद्याला. बाग वीस-पंचवीस दिवस कोरडी, मग थेट खरड छाटणी (माल काढल्यावर एप्रिलच्या सुमारास सगळ्या काड्या आखूड कापतात ती). महिन्याभरात फोन सुरू: "फूट (नवे कोंब) मागेपुढे आली, निम्मे डोळे फुटलेच नाहीत, काय मारू?"

मारायचं काही नसतं. चूक मार्चमध्येच होऊन गेलेली असते.

घड वेलीवर असतो तोवर पानातली बहुतेक साखर घडच ओढतो. माल तुटला की तीच साखर रसवाहिन्यांतून खाली उतरते आणि मुळ्या, खोड, ओलांड्यात (खोडाच्या आडव्या फांद्यांत) स्टार्च होऊन साठते. छाटणीनंतर वेलीवर पान नसतं. नवी पानं कमावती होईपर्यंत फूट या साठ्यावरच जगते. तुमची एप्रिलची फूट आत्ता जुन्या पानात शिजतेय.

आणि पान पाण्याशिवाय साखर करत नाही. पाणी वर चढतं ते मुख्यतः पानाच्या ओढीने: पर्णरंध्रांतून वाफ निघते, तशी जलवाहिन्यांतली पाण्याची धार मुळीपासून वर खेचली जाते. मुळीने घेतलेल्या पाण्यातलं ९५ टक्क्यांहून जास्त असं उडून जातं. हे वाया गेलं म्हणू नका. कर्बवायू आत येतो तो याच दारातून. बोद (वेलीच्या ओळीतला मातीचा उंच वरंबा) कोरडा पडला की वेल दार लावून घेते. पान हिरवं दिसतं, पण कमाई बंद; श्वासापुरता खर्च मात्र चालूच, आणि उकाड्यात तो वाढतो.

माझी ढोबळ परीक्षा: दुपारी दोनला उन्हातलं पान तळहातात धरा. गार लागलं तर मुळी चालू आहे. तापलेलं लागलं तर त्याच संध्याकाळी पाणी द्या. छाटणीआधी दुसरी परीक्षा: पेन्सिलीएवढी पक्व काडी तिरकी कापून कापावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. काळानिळा डाग पडला तर साठा आहे. तपकिरीच राहिला तर छाटणी आठवडाभर पुढे ढकला.

बाकी नेहमीची कामं:
- माल तुटल्यावर किमान १५ ते २० दिवस विश्रांती
- पाणी थोडं थोडं, वाफसा (माती ओलसर पण चिखल नाही अशी) टिकवून, बोदावर पाचट
- शेणखत, माती परीक्षणानुसार खत
- बुरशीसाठी बोर्डो मिश्रण १ टक्का (मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १०० लिटर). लोखंडी पातं बुडवून बघा, तांबूस झालं तर चुना वाढवा
- पानं ओरबाडू नका, बागेत शेळ्या सोडू नका

दुकानात याच दिवसांत "रिकव्हरी किट" पुढे सरकवतात: अमिनो, सीवीड, ह्युमिक, वर एखादी रंगीत बाटली. दार लावून बसलेल्या वेलीला ते पाजून काय होणार? पाणी सुरू असेल आणि पान शाबूत असेल, तर त्याची गरज मला तरी क्वचितच दिसली. ते पैसे आधी ठिबकच्या तुंबलेल्या नळ्या धुवायला, बदलायला घाला.

पालखेड धरणाच्या कालव्याला पाणी सुटण्याची (आवर्तनाची) वाट बघत बसू नका. विहिरीचं पाणी कांदा आणि बाग दोघांना पुरत नसेल, तर पान हिरवं आहे तोवर पहिली पाळी बागेला. जुनं पान वाळून गळालं, की मग खुशाल सगळं कांद्याकडे वळवा.