भाड्यासाठी कर्जावर घर घेताय? या चुका टाळा

भाडं येईल, त्यातून हप्ता जाईल, घर आपसूक फिटेल. कर्ज काढून घर घेताना अनेकांचा हिशेब एवढ्यावरच थांबतो आणि पहिली चूक तिथेच होते. हप्ता जातो तो सगळे खर्च वजा होऊन उरलेल्या भाड्यातून. वर्षात एक महिना घर रिकामं राहिलं की ८ टक्क्यांहून जास्त उत्पन्न गेलंच. शिवाय देखभाल, कर, विमा, भाडेकरू बदलताना करावं लागणारं रंगकाम. हे सगळं वजा करून उरलेलं वार्षिक भाडं वर्षाच्या हप्त्यांच्या निदान सव्वापट आहे का, ते पाहा. नसेल तर डाऊन पेमेंट वाढवा किंवा किंमत कमी करून घ्या. दोन्ही जमत नसेल तर ते घर सोडून द्या.

सगळ्यात महागात पडते ती चूक मात्र वेगळीच: व्याजदर वाढूनही हप्ता तेवढाच राहिला म्हणून निर्धास्त राहणं. फ्लोटिंग, म्हणजे व्याजदर वर-खाली होणाऱ्या कर्जात दर वाढला की अनेकदा हप्त्याऐवजी मुदत वाढवली जाते. ८ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतलेल्या कर्जाचा महिन्याचा हप्ता लाखामागे साधारण ८३६ रुपये बसतो. पहिल्या हप्त्यातले तब्बल ६६७ नुसत्या व्याजात जातात. सुरुवातीलाच दर ९ टक्के झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर कर्ज फिटायला २५ वर्षांहून जास्त लागतात. १० टक्क्यांना हाच हिशेब ५६ वर्षांवर जातो! एवढी मुदत काही मिळत नाही, म्हणजे तिथे हप्ता वाढणारच, आणि २० वर्षांतच फेडायचं तर तो ९६५ होतो. पण हप्ता न वाढता खात्यातून दरमहा तेवढीच रक्कम जात असली की मुदत वाढल्याचं लक्षातही येत नाही. दर वाढल्याचा मेसेज आला की परतफेडीचं नवं वेळापत्रक मागवा, किती हप्ते उरलेत ते बघा आणि झेपेल तेवढा हप्ता स्वतःहून वाढवा.

डाऊन पेमेंटसाठी पर्सनल लोन काढू नका, कारण त्याचा दर चढा असतो, मुदत कमी असते आणि पहिल्याच महिन्यापासून दोन हप्ते मानेवर बसतात. भाडेकरूचं डिपॉझिट परत द्यायचं असतं, ते हप्त्यात वापरू नका.

कर्ज दुसऱ्या बँकेत हलवताना नुसता दर पाहून भुलू नका. सगळे खर्च मिळून ६० हजार आणि महिन्याची बचत २ हजार असेल, तर पहिले ३० महिने नुसते खर्च भरून काढण्यात जातात. नव्या बँकेत मुदत पुन्हा २० वर्षांची होत नाही ना, हेही विचारून घ्या.

आणि हप्ता चुकणार असं दिसत असेल, तर तो चुकण्याआधीच बँकेत जा. एकही हप्ता थकलेला नसताना मुदत वाढवून मागणं सोपं जातं. घर विकायचीच वेळ आली, तर जप्तीची वाट न पाहता स्वतः विका. लिलावात बहुधा बाजारभावापेक्षा कमीच हाती येतं.