डिमेन्शिया असलेल्यांची श्रवणचाचणी: या चुका टाळा

"यांना डिमेन्शिया आहे, ऑडिओमेट्री (स्वर ऐकवून घेतलेली श्रवणचाचणी) जमणार नाही," असं सांगून अनेकांना तपासणीशिवाय परत पाठवलं जातं. पहिली चूक तीच. आजार सौम्य किंवा मध्यम टप्प्यात असला तरी पुष्कळांची चाचणी नीट होते, फक्त ती घेण्याची रीत बदलावी लागते.

कानातला मळ आधी काढा. उतारवयात तो घट्ट बसतो, श्रवणयंत्र वापरणाऱ्यांचा तर जास्तच. मळासकट काढलेला ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणचाचणीचा आलेख, फसवा.

"बारीक आवाज आला तरी बटण दाबा, थांबला की सोडा." या सूचनेत लक्षात ठेवायच्या गोष्टी फार, त्यामुळे आजोबा थोड्याच वेळात नुसतं बटण न्याहाळत बसतात. बटण बाजूला ठेवा. "आवाज आला की 'हो' म्हणा," एवढंच सांगा, करून दाखवा आणि मधूनमधून पुन्हा सांगा. पहिला स्वर ठळक ऐकू जाईल इतका मोठा असू द्या. पुढचे तुटक, टूं-टूं असे द्या. कानात सतत गुणगुण असणाऱ्यांना ते वेगळे ओळखता येतात. उत्तर उशिरा येतं. घाईने पुढचा स्वर दिला, तर 'हो' नेमका कशाला होता ते कळत नाही.

लक्ष किती टिकेल याचा भरवसा नसतो. म्हणून दोन्ही कानांचे १०००, ४००० आणि ५०० हर्ट्झचे स्वर आधी उरका, बाकीचे जमले तर. शेवटी १००० पुन्हा तपासा. १० डेसिबल किंवा अधिक फरक पडला तर त्या दिवशीचा आकडा पक्का धरू नका. संध्याकाळी गोंधळ वाढत असेल तर सकाळची वेळ घ्या.

सोबत घरचं माणूस हवंच, पण गप्प बसणारं! "आई, आला ना गं आवाज?" असं लेकीनं विचारलं की आई हो म्हणणारच. शब्दचाचणी रुग्णाच्या ओळखीच्या भाषेतून घ्या. घरी अहिराणी बोलणाऱ्या आजीला इंग्रजी शब्द देऊन काय कळणार?

लगेच बेरा (आवाजाला मेंदूकडून येणारा प्रतिसाद यंत्राने नोंदवणारी चाचणी) लिहून देणं हीसुद्धा पळवाट. उत्तरंच मिळत नसतील तेव्हा ती उपयोगी आहे. पण बोललेलं समजतं का, हे ती सांगत नाही. शिवाय रुग्ण चुळबुळत असेल तर स्नायूंच्या हालचालींनी आलेख बिघडतो.

स्मृतिचाचणीचा क्रम कानाच्या तपासणीनंतरच. तिथे शब्द वाचून दाखवतात आणि थोड्या वेळाने आठवायला सांगतात. जे ऐकूच गेले नाहीत, त्यांचेही गुण कापले जातात. श्रवणयंत्र असेल तर ते लावून, बॅटरी तपासूनच रुग्णाला चाचणीला बसवा.