ॲसिड उडत नाही, पाणी उडतं : बॅटरीच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

घरोघरी इन्व्हर्टरखाली असते ती १२ व्होल्ट, १५० एएच (अँपिअर-तास, म्हणजे क्षमता) ची ट्युब्युलर बॅटरी धरून हे लिहिलं आहे. वजन ५० किलोच्या पुढे असतं, त्यामुळे एकट्याने उचलू नका आणि कलती करू नका.

हात लावण्याआधी अंगठी, कडं, घड्याळ काढा. चष्मा आणि रबरी हातमोजे घाला. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. इन्व्हर्टर बंद करून मेनचा प्लग काढा. आधी निगेटिव्ह सोडायची, जोडताना ती शेवटी. हा नियम मुळात गाडीचा, कारण तिथे बॉडीला निगेटिव्ह असते आणि पॉझिटिव्ह खोलताना पाना बॉडीला टेकला की ठिणगी उडते. इन्व्हर्टरला बॉडीचा प्रश्न नसला तरी सवय एकच ठेवलेली बरी.

टर्मिनलवरच्या पांढऱ्या-हिरव्या थरासाठी ग्लासभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा पुरतो. फेस थांबेपर्यंत ब्रशने घासा, पण झाकणं घट्ट लावूनच. सोडा सेलमध्ये, म्हणजे बॅटरीच्या सहा कप्प्यांपैकी एकात, गेला तर आतलंच ॲसिड मारतो. पुसून, कोरडं करून, आवळून मग व्हॅसलीन. आवळण्याआधी लावू नका.

आता ग्रॅव्हिटी, म्हणजे सेलमधलं ॲसिड पाण्याच्या किती पट जड आहे तो आकडा. नवशिके सगळ्यात जास्त इथेच चुकतात. हायड्रोमीटर (ग्रॅव्हिटी मोजायची काचेची नळी) उभा धरा, तरंगणारा काटा काचेला चिकटू देऊ नका, डोळा पातळीत ठेवून वाचा आणि सहाही सेलचे आकडे लिहून काढा. पूर्ण चार्जला साधारण १.२४० यायला हवेत. लेबलवर वेगळा आकडा असेल तर तोच खरा. सहाही १.१८० असतील तर बॅटरी नुसती उपाशी आहे. पाच १.२४० आणि एक १.१५० असेल तर तो सेल संशयित. पूर्ण चार्ज करून पुन्हा पाहा. पाणी घातल्या-घातल्या घेतलेलं रीडिंग फसवं असतं, कारण पाणी वरच तरंगतं.

ग्रॅव्हिटी कमी आली की ॲसिड ओतायचं, हा गल्लोगल्ली चालणारा उपाय चुकीचा आहे. ॲसिड कुठे गेलेलं नसतं, ते सल्फेट होऊन प्लेटांवर बसलेलं असतं. चार्जिंगने ते परत उतरतं, आणि वरून घातलेलं त्यात मिळून ग्रॅव्हिटी नको तितकी चढते. मग ते ॲसिड प्लेटा खातं. सांडून गेलं असेल तरच ॲसिडचा विचार. ते पातळ करायची वेळ आलीच तर पाण्यात ॲसिड घाला, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही.

चार्जिंग क्षमतेच्या दहाव्या हिश्शाने करा, म्हणजे १५ अँपिअरने. तासातासाने घेतलेली ग्रॅव्हिटीची तीन रीडिंगं सारखी आली की झालं. खिडकी उघडी हवी. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला तरी ठिणगी पुरते. म्हणून क्लिपा काढण्याआधी चार्जर बंद.

पाणी चार्जिंगनंतर, खुणेपर्यंतच. आधी भरलं तर चार्ज होताना पातळी चढून ॲसिड बाहेर येतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या बुडतील एवढं आधी घाला. पाणी डिस्टिल्डच, आरओचं नको आणि एसीचं ठिबकणारंही नको.

डोळ्यात थेंब गेला तर १५-२० मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुऊन थेट डॉक्टरकडे. सोडा डोळ्यात नाही. शिसं हातावरून तोंडात जातं, म्हणून काम चालू असताना तंबाखू मळू नका आणि चहाआधी साबणाने हात धुवा. कपडे टेरिकॉटचे बरे. सुती पँटवरचा थेंब त्या दिवशी दिसतही नाही, भोक धुताना पडतं.