गावातल्या सगळ्या धर्मांचे लोक जवळ आणायचे असतील तर कॅलेंडरपासून सुरू करा

राजेहो, सर्वधर्म सलोखा म्हटलं की आपल्या गावात आधी मंडप, माईक अन् पाहुणा ठरतो, भाषणं होतात आणि दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या मोहल्ल्यात. त्यापेक्षा आधी कॅलेंडर घेऊन बसा.

जानेवारीतच मंदिर कमिटीचे दोघं, मस्जिदीचे सदर, विहारातले दोघं-चौघं, कोणाच्या तरी ओट्यावर चहाला बोलवा अन् वर्षाचे सण लिहून काढा. मुस्लिम महिने चंद्रावर चालतात, ते सण दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे येतात, म्हणून कधी ना कधी दोन मिरवणुका एकाच दिवशी पडतातच. २०२३ मध्ये २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी अन् ईद-ए-मिलाद सोबतच आले, तेव्हा मुंबईत मुस्लिम मंडळींनी जुलूस २९ ला काढला. मस्जिदीसमोर डीजे कुठून बंद करायचा, कोणाचा रस्ता कोणता, हे दोन महिने आधी सहज ठरते, ऐन मिरवणुकीत पोट्टे कोणाचंच ऐकत नाहीत.

मग पंगत. रोडगे करा, पण पीठ मळायला अन् भाजी चिरायला सगळ्या मोहल्ल्यातल्या लोकांना बसवा, कारण अमक्याच्या हातचं खायचं नाही हे आपल्याकडे अजून पुरतं गेलेलं नाही आणि मला ते फार लागते. जैन घर असेल तर दिवस मावळायच्या आत जेवण अन् कांदा-लसूण-बटाटा नसलेली भाजी वेगळी ठेवा. रमजानमध्ये रोजा सूर्यास्तानंतरच सुटतो, म्हणून तो महिना सोडूनच पंगत धरा.

प्रार्थना कशी ठेवायची ते एकदा वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या गांधी आश्रमात जाऊन ऐका. तिथं बौद्धांचा जपानी मंत्र, कुराणातल्या आयती, पारशी प्रार्थना, सगळं आपापल्या शब्दांत म्हणतात. गावातही तसंच करा, ज्याची प्रार्थना त्यानं म्हणावी, बाकीच्यांनी शांत बसावं, कोणाला म्हणायची जबरदस्ती नको, न विचारता टिळाही लावू नका.

अन् मयतीला जाच. जनाज्याची नमाज चालू असताना मागं उभं राहा, मग कबरीवर माती द्यायची का ते घरच्यांना विचारा. बौद्ध घरी वंदना होते तेव्हा चप्पल काढून बसा. काय बोलावं सुचत नसेल तर बोलू नका, आठ दिवसांनी पुन्हा त्या घरी एक चक्कर मारा.