‘ट्रान्समिट क्यू टाइम्ड आउट’: लिनक्सच्या नेटवर्क कार्ड ड्रायव्हरमधला अडकणारा क्यू (पाठवायच्या पॅकेटांची रांग)

लक्षण: भरपूर लोड असताना पाठवणं अचानक थांबतं, साधारण 5 सेकंदांनी कर्नल लॉगमध्ये वॉचडॉगचा (क्यू अडकलाय का यावर नजर ठेवणाऱ्या टायमरचा) इशारा येतो, कार्ड रीसेट होतं आणि गाडी पुन्हा रुळावर येते.

टीएसओ (मोठ्या डेटाचे तुकडे कार्डाकडून करून घेणं) बंद केलं, एएसपीएम (पीसीआय एक्स्प्रेस लिंकची वीजबचत) बंद केलं, रिंग (पाठवायच्या पॅकेटांच्या नोंदींचा गोलाकार बफर) मोठी केली. रिंग वाढवल्यावर दोष फक्त क्वचित दिसू लागला. हा सगळ्यात वैतागवाणा भाग.

आधी टाइमआउट हँडलरमध्ये हेड (ड्रायव्हरने कुठपर्यंत भरलं), टेल (कुठपर्यंत मोकळं झालं) आणि हार्डवेअरचा पॉइंटर छापा. हार्डवेअरचाच पॉइंटर अडकला असेल तर दोष वेगळा, पुढचं लागू नाही. रिंग रिकामी आणि तरी क्यू थांबलेला असेल, तर जागं करण्याचा क्षण हुकला आहे.

पाठवण्याच्या फंक्शनमधला क्रम: डिस्क्रिप्टर (रिंगमधली पॅकेटची नोंद) भरा, हेड पुढे न्या, जागा एका पॅकेटच्या कमाल गरजेपेक्षा कमी असेल तर क्यू थांबवा, मग पूर्ण मेमरी बॅरिअर (आधीची लिहिणी-वाचणी नंतरच्यांच्या आधीच दिसावीत यासाठीची सूचना), मग टेल पुन्हा वाचा, जागा झाली असेल तर तिथेच क्यू जागा करा.

कम्प्लिशनमध्ये (पाठवून झालेली पॅकेटं मोकळी करणाऱ्या फंक्शनमध्ये): टेल लिहा, पूर्ण बॅरिअर, त्यानंतरच ‘क्यू थांबलाय का’ तपासा. जागं करण्याची मर्यादा थांबवण्याच्या मर्यादेच्या दुप्पट ठेवा, नाहीतर क्यू सतत चालू-बंद होतो.

‘एक्स८६वर बॅरिअर कशाला’ असं म्हणू नका. आधीचं लिहिणं आणि नंतरचं वाचणं यांचा क्रम तिथेही उलटतो.

अजून एक: पुढे आणखी पॅकेट येणार म्हणून डोअरबेल (कार्डाला ‘नवं काम आलं’ हे कळवणारं लिहिणं) लांबवत असाल, तर क्यू थांबवताना ती वाजवाच, नाहीतर हेच लक्षण परत.

तपासताना रिंग किमान आकाराची करून अनेक समांतर प्रवाह चालवा.