शाळांच्या सांघिक मैदानी स्पर्धेचा फॉर्मॅट कसा बदलायचा

बीड, लातूर, परभणी, नांदेड कुठंही जा, केंद्रावरची नाहीतर एखाद्या संस्थेची आंतरशालेय मैदानी स्पर्धा बहुतेक एकाच पद्धतीनं चालते, पहिल्या तीन नंबरांना ५-३-१ गुण आणि ज्या शाळेची बेरीज जास्त तिला ढाल. ऐकायला ठीक आहे, पण होतं काय की एका शाळेत एक चपळ पोरगी असली की ती १०० मारते, ४०० मारते, लांब उडी मारते, १५ गुण झाले की शाळा मोकळी आणि बाकीची पोरं दिवसभर झाडाखाली बसून. चौथा आलेला आणि शेवटून पहिला आलेला, दोघांनाही शून्य. सांघिक स्पर्धा म्हणायची आणि त्यात संघच नाही, हे मला लई दिवसांपासून खटकतंय, म्हणून बदल करायचा तर कुठून सुरू करायचं ते सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी हे बघा की तुमच्या हातात काय आहे. शासनाच्या शालेय क्रीडा स्पर्धा, १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या, त्यांना हात लावता येत नाही. तिथून पोरगं तालुक्यावरून जिल्ह्याला, विभागाला, राज्याला जातं, तिथले नियम वरून ठरलेले आणि ते तसेच पाहिजेत. बदल करायचा तो केंद्रस्तरीय स्पर्धेत, संस्थेच्या चषकात, १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाच्या निमित्तानं गावोगावी ज्या स्पर्धा होतात त्यात. आणि तिथंही १०० मीटर, १५००, लांब उडी, गोळाफेक हे इव्हेंट आहेत तसेच ठेवा. नवीन काहीतरी पाहिजे म्हणून ७० मीटर आणि टायरफेक घेतली तर पोराला स्वतःचा टाइम, स्वतःचं अंतर तालुक्याच्या निकालाशी ताडून बघता येत नाही, सरावाचा फायदा गेला. इव्हेंट तेच ठेवायचे, मोजायची पद्धत बदलायची.

आता गुणांचं. युरोपात देशांच्या संघांची एक स्पर्धा आहे, युरोपियन टीम चॅम्पियनशिप, २००९ पासून तिथं पुरुष आणि महिला दोघांचे गुण एकाच बेरजेत धरतात, प्रत्येक देशाचा एका इव्हेंटला एकच खेळाडू, आणि जितके संघ तितके गुण पहिल्याला, मग एकेक कमी करत शेवटच्याला एक. आपल्यालाही हेच चालतंय. समजा आठ शाळा आहेत, तर ८-७-६-५-४-३-२-१, न आलेल्याला किंवा बाद झालेल्याला शून्य. मुलांचे पाच, मुलींचे पाच असे दहा इव्हेंट धरा, १००, ४००, १५००, लांब उडी, गोळाफेक, आणि शेवटी एक मिश्र रिले.

सोबतच्या शिक्षकांना हे पटवायचं कसं? भाषण देऊ नका, गेल्या वर्षीचा निकाल काढा आणि त्याच निकालावर दोन्ही पद्धतीनं बेरीज करून दाखवा. एका शाळेचे तीन पहिले नंबर, बाकी कुठंच एंट्री नाही. दुसऱ्या शाळेचे दोन तिसरे नंबर आणि आठ चौथे. जुन्या हिशोबानं पहिली शाळा १५, दुसरी २. नव्या हिशोबानं पहिलीचे तीन आठे २४, दुसरीचे १२ आणि ४० मिळून ५२. हा कागद मीटिंगमध्ये फिरवला की निम्मी चर्चा तिथंच संपते. ज्यांची ढाल जाणार ते नाराज होतील, साहजिक आहे, आणि त्यांचं एक म्हणणं खरंही आहे, की पहिल्या आणि दुसऱ्यात फक्त एका गुणाचा फरक म्हणजे जिंकणाऱ्याची किंमत कमी. मग पहिल्याला ८ ऐवजी ९ द्या, विषय मिटला. त्याच्यावर जाऊ नका, नाहीतर परत तेच जुनं.

एका पोराला दोन इव्हेंट आणि रिले, यापेक्षा जास्त नाही, हा नियम पक्का लिहून घ्या, कारण खरा बदल यानंच होतो. दहा इव्हेंटला एंट्री भरायची म्हणलं की शाळेला निदान तीन पोरं आणि तीन पोरी तयार कराव्याच लागतात, गोळा कधी हातात न घेतलेली एखादी दांडगी पोरगी मग सरांना वर्गात दिसते. पण आपल्याकडं एक अडचण आहे ती शहरातल्या लोकांना सांगूनही कळत नाही. छोट्या जिल्हा परिषद शाळेचा पटच कमी, आणि बीड, धाराशिवकडं दिवाळीच्या आगंमागं आईबापाबरोबर पोरं ऊसतोडीला जातात, पट अजून खाली. असल्या शाळेला पूर्ण संघ आणा म्हणणं म्हणजे येऊच नका म्हणणं. म्हणून दोन गोष्टी करा, एक तर तारीख ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधीची धरा आणि काळ्या रानाचं मैदान असेल तर पावसासाठी राखीव दिवस आधीच जाहीर करून टाका, आणि दुसरं, शेजारच्या दोन छोट्या शाळांना मिळून एक संघ करायची परवानगी द्या. यावर कुणी हरकत घेतली तर ठाम राहा, प्लीज.

वेळेचा हिशोब लोक धरतच नाहीत. आठ शाळांची तीन-तीन पोरं लांब उडीला म्हणजे २४ जण, प्रत्येकी तीन उड्या ७२, मग पहिल्या आठांना अजून तीन-तीन म्हणजे २४, एकूण ९६ उड्या. एका उडीला एक मिनिट धरलं तरी दीड तास उलटून पुढं, आणि वाळू ओढायची, टेप लावायची ते वेगळंच. नव्या पद्धतीत आठ पोरं, तीन उड्या, २४ मिनिटं. युरोपवाल्यांनीही उडी आणि फेकीचे प्रयत्न कमी केले होते. उंच उडी घेणार असाल तर त्यांचाच अजून एक नियम कामाचा आहे, पूर्ण स्पर्धेत मिळून चार वेळा बार पाडला की खेळ संपला, नाहीतर उंच उडी संध्याकाळपर्यंत चालतच राहते.

ट्रॅकवर १०० मीटरला हीट, म्हणजे गट पाडून वेगवेगळं पळवणं, नकोच. लेन १.२२ मीटरची, आठ लेन म्हणजे साधारण दहा मीटर रुंदी, तेवढी सरळ पट्टी कुठल्याही हायस्कूलच्या मैदानावर बसते, फक्की मारायची आदल्या संध्याकाळी, सकाळी मारायला गेलं की घाई होते आणि लेन वाकड्या. ४०० ला मात्र २०० मीटरच्या गोल ट्रॅकवर आठ जण एकदम नकोत, चार-चारच्या दोन हीट लावा आणि टाइमवर नंबर काढा. यात एक काळजी घ्या, दोन्ही हीटला टाइम घेणारी माणसं तीच पाहिजेत आणि घड्याळ स्टार्टरच्या पिस्तुलाचा धूर किंवा क्लॅपची हालचाल बघून चालू करायचं, आवाज ऐकून नाही. हाताच्या घड्याळात शंभरावा भाग दिसतो पण तो तसा लिहायचा नसतो, वरच्या दशांशाला न्यायचा, ६१.२३ आला तर ६१.३. टाइम सारखा आला तर गुण वाटून द्या, दुसऱ्या-तिसऱ्याचे ७ आणि ६, दोघांना साडेसहा.

१५०० मीटर वेळ वाचवायला म्हणून काढून टाकू नका. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, २०२३ च्या हांगझो एशियन गेम्सला ३००० मीटर स्टीपलचेसचं (अडथळ्यांच्या लांब शर्यतीचं) गोल्ड, तो याच मातीतला, आणि लांब पळायचा दम आपल्या पोरांत आहे, त्याला मैदान तर द्या. सकाळी पहिल्यांदा हीच शर्यत घ्या, ऊन चढायच्या आत. दर फेरीला शेवटचा बाहेर, असलं एलिमिनेशन घालायचा मोह होतो, तो आवरा. त्याच युरोपच्या स्पर्धेत २००९ ला पोर्तुगालमध्ये लेरियाला ते लांब पल्ल्याच्या शर्यतीत करून बघितलं होतं आणि पुढं काढून टाकलं. मागून हळूहळू पुढं येणारं पोरगं यात उगाच मारलं जातं, आणि आपल्याला तर प्रत्येकाचा नंबर पाहिजे.

शेवटची रिले मिश्र, ४×२००, दोन मुलं दोन मुली, क्रम मुलगा-मुलगी-मुलगा-मुलगी असाच सगळ्यांना सक्तीचा, नाहीतर प्रत्येक टप्प्यात मुलगा विरुद्ध मुलगी असं होऊन शर्यत कुणाची काय चाललीय तेच कळत नाही. २०१८ च्या जकार्ता एशियन गेम्समधली ४×४०० मिश्र रिले पोरांना दाखवा, आपलं आधी सिल्व्हर होतं, बहारीन बाद झाल्यावर गोल्ड झालं. गुण दुप्पट ठेवा. दोन हीटमध्येच घ्यावी लागेल, पण लॉट टाकू नका, तोपर्यंतच्या बेरजेत खालच्या चार शाळा आधी पळवा आणि वरच्या चार शेवटी, नंबर आठही जणांच्या टाइमवर. खालच्या हीटमधली शाळा भारी टाइम काढून गेली तर वरच्यांना तो टाइम माइकवर सांगून मगच लाइनीवर उभं करा, सगळं मैदान ट्रॅकच्या कडेला येतंय.

माइक आणि फळा, यावर कंजुषी नको. प्रत्येक इव्हेंट झाला की पाच मिनिटांत आठही शाळांची बेरीज फळ्यावर आणि माइकवर. दोन माणसं लागतात, एक वहीत लिहिणारा आणि एक मोबाइलवर एक्सेल भरणारा, दोघांची बेरीज जुळल्याशिवाय फळ्यावर आकडा चढवायचा नाही. पोरगं सहावं आलं तरी त्याच्या तीन गुणांनी शाळा पाचवरून चारवर गेली हे त्याला त्याच वेळी ऐकू आलं पाहिजे, दुसऱ्या दिवशी कळून उपयोग नाही. सारखी बेरीज झाली तर जास्त पहिले नंबर कुणाचे ते बघायचं, हे आधीच लिहून ठेवा. नियमांचा कागद एकाच पानाचा करा, निदान महिनाभर आधी शिक्षकांच्या ग्रुपवर टाका, आणि एकदा टाकला की स्पर्धेच्या दिवशी कुणाच्याही सांगण्यावरून, मग ते पाहुणे असोत का संस्थाचालक, त्यात बदल नाही.

राहता राहिल्या नव्या कल्पना. मेलबर्नला २०१७ ला नायट्रो अॅथलेटिक्स झालं, उसेन बोल्टचा संघ होता त्यात, तिथं संघाला एखाद्या इव्हेंटचे गुण दुप्पट करून घ्यायची सोय होती. मिन्स्कला २०१९ च्या युरोपियन गेम्समध्ये तर शेवटच्या रिलेला पुढच्या संघाला गुणांच्या हिशोबानं आधी सोडायचे आणि जो आधी पोचेल तो पूर्ण मॅच जिंकला. बघायला जबरदस्त, पण दिवसभर कमावलेलं एका बॅटन पडण्यात जातं, त्यामुळं शाळेच्या पोरांसाठी मला ते पटत नाही. दुप्पट गुणांचं चालेल, कॅप्टननं सकाळीच चिठ्ठीवर इव्हेंट लिहून द्यायचा, पण पहिल्या वर्षी नाही. पहिल्या वर्षी फक्त गुण, दोन इव्हेंटची मर्यादा आणि तीन प्रयत्न एवढंच, संपल्यावर आठवड्याभरात शिक्षकांना आणि प्रत्येक शाळेच्या कॅप्टन पोरांना बसवून विचारा काय जमलं काय नाही, ते स्पर्धेच्या रजिस्टरमध्येच तारीख टाकून लिहा, आणि पुढच्या वर्षीच्या मीटिंगला तेच रजिस्टर घेऊन जा.