घोड्यावरून लासो टाकायला शिकायचंय? आधी एवढं बघून घ्या

डॅलस-ह्यूस्टनकडे राहणारी आपली बरीच मंडळी रोडिओ (काउबॉयांच्या कसरतींचे सामने) बघून येतात आणि लगेच रोपिंगचा, म्हणजे लासोने, फासाच्या दोराने गुरं पकडण्याचा, क्लास शोधायला लागतात, छान आहे, पण घोडा बराच नंतर येतो हे आधीच मनात पक्कं करा. पहिली खरेदी दोराची. तिकडे त्याला रोपच म्हणतात. गुराच्या शिंगांवर टाकायचा असेल तर साधारण ३० फुटी, मागच्या पायांवर टाकायचा असेल तर ३५ फुटी, आणि नवशिक्याने मऊ घ्यावा, कडक दोर दुकानात हातात भारी वाटतो पण फिरवताना ऐकत नाही. टोकाला होंडा असतो, म्हणजे ज्यातून दोर सरकून फास बनतो ते छोटं भोक. सुरुवातीला ओढ बसली की आपोआप सुटणारा होंडा मागा, ब्रेकअवे म्हणतात त्याला. उजव्या हाताला सुती ग्लोव्ह हवाच.

मग घराच्या मागे डमी लावा. गवताच्या गठ्ठ्यात खोचायचं प्लास्टिकचं शिंगवालं डोकं मिळतं, सुरुवातीला तेवढं पुरे. जमिनीवर उभं राहून फिरवताना बहुतेक लोक गोफणीसारखा अख्खा खांदा फिरवतात, तसं नको, मनगट वळायला पाहिजे आणि सोडताना तळवा खाली, लूपचं, म्हणजे फासाचं, टोक शिंगांकडे. दुसरी गोष्ट म्हणजे डावा हात, ज्याच्याकडे कुणी बघतच नाही: उरलेल्या दोराच्या कॉइल्स, म्हणजे वेटोळी, आणि लगाम दोन्ही त्याच हातात असतात, म्हणून जमिनीवरही डाव्या हातात कॉइल्स धरूनच प्रॅक्टिस करा. आणि दोर हाताला गुंडाळायचा नाही, कमरेला बांधायचा तर नाहीच नाही, कधीच.

घोडा स्वतःचा नसेल तर विचारून घ्या की तो रोपिंगच्या सवयीचा आहे का. एका हाताच्या लगामावर वळला पाहिजे, डोक्यावरून दोर फिरला, मागच्या पायांना घासला तरी बिथरायला नको, आणि शेपटीखाली दोर अडकला तर शांत घोडासुद्धा उसळतो, तो अंदाज ठेवा. खोगीर वेस्टर्नच हवं, पुढे हॉर्न, म्हणजे दोर गुंडाळायचा खुंटा, असलेलं, मागचा पट्टाही लावलेला, नाहीतर ओढ बसली की खोगीर मागून उचलतं. आधी उभ्या घोड्यावरून डमीला टाका, मग चालत्या, मग एटीव्हीने (छोट्या चारचाकी गाडीने) ओढलेल्या डमीमागे, खरं जनावर सगळ्यात शेवटी.

खरा धोका फेकण्यात नाही, डॅलीत आहे. फास बसला की दोर हॉर्नभोवती गुंडाळायचा, हीच डॅली, उजव्या हाताने टाकत असाल तर घड्याळाच्या उलट दिशेने, अंगठा वर ठेवून. अंगठा मध्ये सापडला तर दोर तो तोडून नेतो, रोपिंग करणाऱ्यांत असे लोक खरंच असतात, म्हणून जिवंत गुराआधी ही डॅली उभ्या घोड्यावर कुणालातरी दोर हळू ओढायला लावून घोटून घ्या. हॉर्नवर रबर गुंडाळलंय का बघा आणि अडकलेला दोर कापायला खिशात धारदार चाकू ठेवा.

उन्हाळ्यात दोर गाडीच्या डिकीत टाकून ठेवू नका, तापला की लुळा पडतो आणि लूप उघडा राहत नाही, त्यासाठी गोल डबा मिळतो, रोप कॅन म्हणून, तो त्याच दुकानातून उचला.